जालन्याला दिसलेला माणूस

त्या सिनेमाचा दुसरा भाग वाईट आहे. हे मी आधीच लिहून ठेवतो. पुढं मी जे कबूल करणार आहे ते वाचून कुणी असं म्हणू नये की, म्हाताऱ्याचं मनच ठिकाणावर नव्हतं, म्हणून त्याला सिनेमा आवडला नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं मन ठिकाणावर नव्हतं, हे खरं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेळाला मी एकटा पुन्हा गेलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघितला. वाईटच निघाला.

सून म्हणाली, "बाबा, असले पिक्चर टाइमपास म्हणून बघायचे असतात. तुम्ही पेपर तपासायला बसल्यासारखं बघता."

"सव्वीस वर्षं सिनेमा दाखवलाय मी. मला टाइमपास शिकवू नकोस."

"दाखवलाय हो. पण बघितलाय का?" असं म्हणून ती कुकर लावायला गेली.

तिनं हे सहज म्हटलं. पण ती जे बोलली तेच या सगळ्याचं मूळ आहे.

शहराला सगळे औरंगाबाद म्हणत तेव्हा जुन्या भागातल्या एका थिएटरात मी ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे वर केबिनमध्ये मशीन चालवणारा. आता तिथं कपड्यांचं मोठं दुकान आहे. केबिनमध्ये दोन मशीन असायची. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, दिव्यासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या सरकवत राहायच्या, तुटलेली फिल्म जोडायची. या धांदलीत सिनेमा बघतो कोण? भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पडदा दिसायचा, पण तो फक्त चित्र नीट पडतंय की नाही हे बघण्यापुरता. सिनेमा मी कानानं ओळखायचो. खालून हसू आलं म्हणजे चाललाय. शिट्ट्या आल्या म्हणजे गाणं. खुर्च्या कुरकुरायला लागल्या, बाहेरचं दार उघडझाप करायला लागलं, म्हणजे पडलेला भाग.

पहिला भाग तीस वर्षांहून जुना. वरातीत वाजवणारे दोन बँडवाले, एक सनईवाला आणि एक ढोलवाला, गडबडीत नवरदेवाची घोडी घेऊन पळतात आणि सगळं वऱ्हाड त्यांच्या मागं लागतं, एवढीच गोष्ट. पण लोक इतके हसायचे की केबिनची भिंत हलल्यासारखी वाटायची. आमच्याकडं तो सात आठवडे चालला.

त्यात एक अडचण होती. दुपारी बाराच्या खेळाला आमच्याकडं वाळूजचे कामगार यायचे, सेकंड शिफ्टवाले. त्यांची कंपनीची बस पावणेतीनला चौकातून सुटायची आणि सिनेमा संपायचा तीनला पाच कमी असताना. म्हणजे अडीच तास हसलेली माणसं शेवट न बघताच उठून पळायची. काही जण पळता पळता वर बघून मला शिव्या द्यायचे. "ओ ऑपरेटर, घोडीवानी पळव की जरा!"

तेव्हा दुपारच्या खेळासाठी फिल्म कापायची पद्धत होती. मी एकटाच कापायचो असं नाही, पण इतरांचं मला सांगायचं नाही. मध्यंतर पाच मिनिटांनी आखूड करायचं, आणि जिथं हॉल थंड पडतो तिथला तुकडा काढून दोन टोकं जोडून टाकायची. तुकडा पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवायचा आणि सहाच्या खेळाआधी परत जोडायचा. या सिनेमात मध्यंतरानंतर एक गाणं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ एक भाग, ज्यात हॉलमध्ये चिटपाखरूसुद्धा हसायचं नाही. मी ती सात-आठ मिनिटं कापली. शेवट अडीचच्या पुढं लगेच लागायला लागला. कामगार शेवटापर्यंत हसून बस पकडायला लागले.

याची मला आजही लाज वाटत नाही. त्या माणसांना पुढं आठ तास मशीनपुढं उभं राहायचं होतं. त्यांना शेवट दाखवला, यात मी काही चूक केली असं मी कधी म्हणणार नाही.

चूक पुढची आहे.

रोज दोनदा फिल्म तोडायची, जोडायची, म्हणजे प्रत्येक वेळी एक-दोन फ्रेम जातात आणि जोडावर चित्र उडी मारतं. चार दिवसांनी मी कंटाळलो. सहाच्या खेळालाही तुकडा न जोडताच सिनेमा दाखवायला लागलो. कुणाची तक्रार नव्हती. सिनेमाच्या शेवटी ते दोघे बँडवाले फडक्यात भाकरी बांधून एका टेकडीकडं चालत जाताना दिसतात. ती भाकरी कुणासाठी, हे आमच्या प्रेक्षकांपैकी कुणालाच कळायचं नाही. पण ढोलवाल्याची पगडी वाऱ्यानं उडायची, लोक हसायचे, आणि दिवे लागायचे.

माझा मित्र तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. मूळ पाचोडचा. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. तो स्वतः चितेगावला एका कंपनीत होता आणि कामगारांच्या नाटकांत काम करायचा. एकदा पैठण रोडला त्या सिनेमाचं शूटिंग झालं. मेंढपाळाचं काम करायला जो नट आणला होता त्याला बघून मेंढरंच पांगली. कुणीतरी माझ्या मित्राला बोलावून आणलं. त्यानं नुसती हाळी दिली आणि मेंढरं जागेवर आली. दिग्दर्शकानं त्यालाच कपडे चढवले. एक दिवसाचं काम, एकच वाक्य. तो महिनाभर हवेत होता.

सिनेमाचा आमच्याकडं शेवटचा आठवडा सुरू झाला तेव्हा तो केबिनमध्ये आला. "मंगळवारी सहाच्या खेळाला आणतो सगळ्यांना. मायला, चुलत्यांना, आळीतल्या बायकांना. टेम्पो सांगितलाय. तू नुसत्या दोन रांगा धर."

"धरतो की. तुझा सीन कुठाय?"

"मध्यंतरानंतर हाय म्हणं. मीबी बघितला नाय अजून. मायच्या संगंच बघणार."

त्यानं मला मध्यंतरानंतर असं सांगितलं होतं. त्या वेळी मी एकदा तरी डबा उघडून आतल्या फिल्मवरचं चित्र उजेडात धरून बघायला हवं होतं. नाही बघितलं. तो भाग माझ्या हिशेबी पडलेला होता, आणि माझा मित्र विनोदी सिनेमात होता. माझ्या डोक्यात असं की तो जिथं असेल तिथं हसू असणार. हसू असलेलं काही मी कापलं नव्हतं.

मंगळवारी टेम्पो आला. सव्वीस माणसं. त्याच्या आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि हॉलमध्ये शिरताना तिनं दाराशी चपला काढल्या. डोअरकीपरनं तिला समजावून चपला घालायला लावल्या. मी हे वरून बघितलं आणि हसलो.

मध्यंतर झालं. पुढची रिळं गेली. शेवटी पगडी उडाली, दिवे लागले, आणि दोन रांगा जागच्या हलल्या नाहीत. सगळं थिएटर रिकामं झालं तरी ते बसूनच. मी खाली उतरलो.

त्याची आई म्हणाली, "तू कुठं व्हतास रं? म्या डोळ्याचं पातंबी लवू दिलं नाय."

त्याचा धाकटा चुलता, फेट्याचा शेमला सावरत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू नाय तर नाय, मेंढरं तरी दाखवायची व्हती! तेवढ्यासाठी टेम्पोत हाडं खिळखिळी करून घेतली का?"

बायका हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या.

त्यांना टेम्पोत बसवून तो वर केबिनमध्ये आला. मी चहा मागवला होता. तो स्टुलावर बसला आणि कप ठेवायला जागा शोधली. समोर फळीवर पत्र्याचा डबा होता. त्यानं कप त्या डब्यावर ठेवला.

"कामून झालं असंल रं असं?" त्यानं विचारलं.

तोवर मला कळलं होतं. जिना चढतानाच कळलं होतं. मी म्हणालो, "डायरेक्टरनं कापलं असेल. मुंबईत लई कापाकापी करतात. ज्याचं काम जमत नाही त्याचं काढून टाकतात."

शेवटचं वाक्य बोलायची काय गरज होती, हे मला आजवर सापडलेलं नाही. कदाचित पहिलं खोटं पुरेसं वाटलं नसेल.

त्यानं मान हलवली. "नसंल जमलं," असं म्हणाला आणि उरलेला चहा पिऊन गेला. त्यानंतर त्यानं नाटकात काम केलं नाही. गावात पुढं कितीतरी वर्षं त्याला 'हिरो' म्हणायचे, आणि ते कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारी प्रिंट परत जायची होती. परत देताना फिल्म पुरी भरायला हवी, म्हणून मी तुकडा जोडला. प्रिंट तिथून जालन्याला गेली. म्हणजे जालन्याच्या लोकांनी माझ्या मित्राला बघितलं. त्याच्या आईनं नाही. ती पुढं आठ-नऊ वर्षांनी गेली.

टीव्हीवर तो सिनेमा लागायचा तेव्हा जाहिरातींसाठी आखूड केलेला असायचा. तो लागला की माझा मित्र उठून बाहेर जायचा, आणि मला हायसं वाटायचं. मग मोबाइल आले. पूर्ण सिनेमा कुणीतरी त्यावर टाकला. मला हे चार वर्षांपासून माहीत होतं. रिटायर झालेल्या माणसाला दुपारी वेळ असतो. मी कानात वायर घालून तो भाग पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. उपाशी बँडवाले, दमलेली घोडी, टेकडीवर एक मेंढपाळ. तो त्याची भाकरी मोडून दोघांना अर्धी अर्धी देतो. ते विचारतात, तुला? तो म्हणतो, "मी सकाळीच खाल्लंय." ते निघून जातात. तो रिकामं फडकं झटकतो, घडी घालतो आणि खांद्यावर टाकतो. त्यात भाकरी एकच होती, हे आपल्याला तेव्हा कळतं. बस, एवढंच. त्याच्याएवढं चांगलं काम त्या सिनेमात दुसऱ्या कुणी केलेलं नाही. हे मी मित्र म्हणून म्हणत नाही.

मी फोन बंद केला आणि ती चारही वर्षं गप्प बसलो.

दुसरा भाग येणार, येणार असं आम्ही पंधरा वर्षं ऐकत होतो. कधी पोस्टर निघायचं, कधी नट आजारी पडायचे, कधी निर्माते भांडायचे. या वर्षी तो खरोखर आला. मित्र आता पाचोडलाच असतो. त्याचा फोन आला, "चल, बघून येऊ. ह्याच्यात तर मी नाय हे पक्कं हाय, तवा टेन्शन नाय." मी हो म्हणालो. सिनेमा झाला की त्याला सांगून टाकू, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण असं मी यापूर्वीही पुष्कळदा ठरवलं होतं.

मॉलमधलं थिएटर. सुनेनं मोबाइलवरून तिकिटं काढून दिली होती. पडद्यावर नावं सुरू झाली, आणि नावांच्या मागं जुन्या सिनेमातले तुकडे यायला लागले. घोडी, वऱ्हाड, ढोल. आणि मग तीन सेकंद, जास्त नाही, टेकडीवर एक तरणा माणूस भाकरी मोडतो.

माझं मनगट कुणीतरी पकडलं. मग सुटलं. तो उभा राहिला होता.

मागून एक मुलगी म्हणाली, "काका, बसा ना प्लीज, दिसत नाहीये."

तो बसला. कानाशी येऊन म्हणाला, "तो मी व्हतो."

"हो."

"म्हंजी कापलं नव्हतं."

"सिनेमा संपल्यावर सांगतो."

"तुला ठावं हाय?"

"संपल्यावर सांगतो, म्हणालो ना."

तो पुढचे सव्वादोन तास हसला नाही. इतर लोकही फारसे हसले नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बँडवाले आता परदेशात लग्नं लावून देणारी कंपनी चालवतात. घोडी कॉम्प्युटरवर केलेली आहे आणि ती बोलते. प्रत्येक वाक्यामागं 'टुंय' असा आवाज, म्हणजे हसायचं कुठं ते आपल्याला समजावं. जुनी वाक्यं परत परत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, त्यात एकही जागा अशी नाही जिथं कुणी गप्प बसतं. भूक नाही, दमणं नाही, कुणी कुणाला काही देत नाही. मला बघताना सारखं वाटत होतं की हे माझ्या ओळखीचं काम आहे. जिथं हॉल हसणार नाही ते सगळं कुणीतरी आधीच काढून टाकलंय. मी सात मिनिटं कापली होती. यांनी अख्खा सिनेमा तसाच बनवला.

पेपरात लिहून आलं की जुन्या लोकांना आठवणींचा चष्मा लागलेला असतो, म्हणून त्यांना नवं आवडत नाही. माझ्या डोळ्यांवर कुठलाही चष्मा नाही, मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्ही झालीत. या सिनेमाचा दोष काय आहे, तो मला चांगला ओळखू येतो, कारण मी तो केलेला आहे.

बाहेर आल्यावर खाण्याच्या दुकानांपुढं प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. आम्ही तिथं बसलो आणि मी सांगितलं. बाराचा खेळ, बस, डबा, मंगळवार, सगळं. त्यानं मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"मी वर आलो तवा डबा कुठं व्हता?"

"तू कप ठेवला होतास त्याच्यावर."

त्यानं खुर्ची जरा मागं सरकवली. मग म्हणाला, "अन् जालन्याला दाखवला?"

"जालन्याला पूर्ण दाखवला."

"जालन्याला मपलं कोण हाय रं?" तो म्हणाला. "एक माणूस सांग जालन्यातला."

तो उठला, सरकत्या जिन्यापाशी क्षणभर अडखळला, मग शेजारच्या साध्या जिन्यानं उतरून गेला. मी मागं गेलो नाही.

दीड महिना फोन नाही. मी केला तर उचलायचा नाही. मुलगा म्हणाला, जाऊ द्या, इतकी वर्षं झाली. सून म्हणाली, बाबा, तुम्ही मुद्दाम केलं का? नाही ना? मग झालं. मी दोघांना सांगितलं की हे झालेलं नाही. कापलं ते मुद्दाम नव्हतं, पण बोललो ते मुद्दाम बोललो, आणि ते वाक्य मी त्याच्या अंगावरून काढलेलं नाही. जमलं नाही म्हणून काढलं, असं तो तीस वर्षं समजत होता. मला माफी नको होती. ते वाक्य मला खोडायचं होतं, जिथं त्याला हिरो म्हणाले तिथंच.

एका सकाळी त्याचा फोन आला. "बाजाराच्या दिवशी ये. सगळे गावात असत्यात. मला सांगितलंस तसं त्यांना सांग." एवढं बोलून ठेवला.

मी एसटीनं गेलो. त्याच्या घराच्या ओसरीत वीसेक माणसं होती. त्या टेम्पोतली पाच-सहाच उरली होती, बाकी त्यांची मुलंबाळं. धाकटा चुलता होता, नव्वदीला टेकलेला, फेटा तसाच. मित्राच्या पुतण्यानं फोन टीव्हीला जोडला होता. मित्र दाराला टेकून उभा होता. त्यानं मला बस म्हटलं नाही.

मी उभ्यानंच बोललो. म्हणालो, की याचं काम दिग्दर्शकानं कापलं नव्हतं. मी कापलं. याला विचारल्यावर मी खोटं बोललो, आणि काम जमलं नसेल असंही म्हणालो, तेही खोटं. याच्या आईनं बघितलं नाही ते माझ्यामुळं.

मग चुलता म्हणाला, "थांब, थांब. म्हंजी मेंढरं व्हती?"

"होती, आबा. सगळी होती."

"मंग म्या उगाच शिव्या दिल्या व्हय रं ह्याला?" तो मित्राकडं वळून म्हणाला. मग चुलता माझ्याकडं वळला. "त्या समद्या शिव्या तुला लागू. व्याजासकट."

"लागू," मी म्हणालो.

पुतण्यानं सिनेमा लावला. टेकडी आली, मेंढरं आली. एक म्हातारी म्हणाली, "बया, किती वाळला व्हता तवा." भाकरी मोडली. "मी सकाळीच खाल्लंय." ओसरी गप्प झाली. बाहेर बाजाराचा आवाज होता, पण आत कुणी हललंसुद्धा नाही. त्यानं फडकं झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकलं. तरी कुणी बोलेना. ही शांतता मला ओळखू आली. केबिनमध्ये मी हीच ऐकली होती, आणि पडलेला भाग म्हणून डब्यात भरली होती.

चुलत्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "पुन्हा लाव," तो म्हणाला.

पुन्हा लावलं. या वेळी मित्र दारातून आत आला आणि माझ्या शेजारी, खाली सतरंजीवर बसला. मग मीही बसलो. त्यानं स्वतःला फडक्याची घडी घालताना बघितलं, मान जरा वाकडी केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "लांबलंय रं थोडं. ती घडी घालताना जरा कापलं असतं तरी चाललं असतं."

"नाही," मी म्हणालो. "एक फ्रेमसुद्धा नाही."